आहार्याविना नायक : श्राव्य विज्ञाननाट्यातील सहावा ‘डॉक्टर’ आणि त्याचे चाहते

भंडारा जिल्ह्यातील साकोली, लाखनी, लाखांदूर या भागांत धानाची कापणी-मळणी आटोपली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडईच्या, शंकरपटाच्या निमित्ताने गावात नाटक ठरते आणि ते रात्रभर चालते. मंडपाच्या अगदी मागच्या टोकाला बसलेल्या माणसाला नटाचा चेहरा धड दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो कर्ण्यातून आलेला आवाज. तरीही पात्राविषयीचे त्याचे मत पुढच्या रांगेतल्या माणसाइतकेच ठाम असते, किंबहुना काकणभर अधिकच. झाडीबोलीचे अभ्यासक हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या दंडारीचा अभ्यास केला, तिच्यातील पौराणिक कथानक तर प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. ठाऊक असलेल्या पात्राचे या खेपेला काय केले जाते, हे पाहायला, खरे म्हणजे ऐकायला, तो आलेला असतो. पात्र त्याचेही असते, आणि नटाने ते बिघडवले तर तक्रार करण्याचा अधिकार त्याला असतो.

हा अधिकार नेमका कशाचा, हा प्रश्न मराठी समीक्षेने वाचकाच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला. श्रोत्याच्या संदर्भात मात्र तो तितकासा उपस्थित झाला नाही. श्रुतिका हा प्रकार आकाशवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेत राहिला, समीक्षेच्या पानांवर क्वचितच आला. म्हणून या प्रश्नाचा एक दूरचा, परंतु बोलका दाखला तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. तो ब्रिटिश विज्ञाननाट्याच्या इतिहासातील आहे. दूरचित्रवाणीवर फसलेल्या एका पात्राचा त्याच्या चाहत्यांनी केवळ आवाजाच्या आधारे लावलेला नवा अन्वयार्थ, असे त्याचे स्वरूप आहे. हा अन्वयार्थ इतका यशस्वी झाला की पुढे मूळ पात्राची प्रतिमाच त्याने बदलून टाकली. त्याच्या यशाबरोबर एक नैतिक अडचणही आली, आणि विचार करावयाचा आहे तो मुख्यतः तिचाच.

‘डॉक्टर हू’ ही मालिका बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. तिचा नायक परग्रहावरचा, काळातून प्रवास करणारा, ‘डॉक्टर’ एवढ्याच नावाने ओळखला जाणारा पुरुष. मृत्यू जवळ आला की त्याचे शरीर पालटते आणि स्वभावही काहीसा पालटतो. नट बदलण्याची ही व्यावहारिक सोय. पण तिचा वाङ्मयीन परिणाम मोठा झाला. मूळ सूत्र एकच आणि प्रत्येक नट म्हणजे त्यावरची नवी टीका, अशी भाष्यपरंपरेसारखी रचना या मालिकेला आपोआप लाभली. टीकाकारांत मतभेद असणार, आणि एखादी टीका त्याज्यही ठरणार. सहाव्या डॉक्टरच्या वाट्याला हे त्याज्य ठरणे आले.

मार्च १९८४ मध्ये ‘द ट्विन डिलेमा’ या कथेत कॉलिन बेकर हा नट सहावा डॉक्टर म्हणून पूर्णपणे पुढे आला. नव्या शरीरात स्थिर न झालेला, चित्तभ्रम झालेला हा डॉक्टर पहिल्याच भागात आपली सहप्रवासी पेरी हिचा गळा दाबतो. पेरी ही वनस्पतिशास्त्राची अमेरिकन विद्यार्थिनी. ती भूमिका निकोला ब्रायंटने केली. डॉक्टर भानावर येतो, पण कथा संपेपर्यंत तो गर्विष्ठ, तिरसट आणि शब्दबंबाळच राहतो. त्याच्या अंगावर निर्माता जॉन नेथन-टर्नरच्या आग्रहाने चढवलेला एक अंगरखा होता : जाणूनबुजून अभिरुचिहीन, परस्परांशी भांडणाऱ्या रंगांच्या ठिगळांचा. बेकरला स्वतःला काळा पोशाख हवा होता. पात्र आरंभी अप्रिय वाटावे आणि मग पदर उलगडत त्याची माणुसकी दिसावी, अशी आपली कल्पना होती, हे त्याने पुढे वारंवार सांगितले. पदर उलगडण्याइतका अवधी मिळालाच नाही. १९८५ मध्ये मालिका दीड वर्ष थांबवली गेली. १९८६ मध्ये ती चौदा भागांची एकच दीर्घ कथा घेऊन परतली. आणि त्याच वर्षी बेकरला काढून टाकण्यात आले. शरीरांतराचे दृश्य करण्यास त्याने नकार दिल्यामुळे १९८७ मध्ये नव्या नटानेच पिवळ्या कुरळ्या केसांचा टोप घालून जुन्या डॉक्टरचा अंत साकारला. एखाद्या नायकाला इतका हास्यास्पद मृत्यू क्वचितच मिळाला असेल.

येथे भरताच्या चतुर्विध अभिनयाची आठवण होणे अपरिहार्य आहे. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक यांपैकी सहाव्या डॉक्टरच्या बाबतीत आहार्य इतके प्रबळ ठरले की बाकी तिन्ही त्याच्याखाली दबून गेले. अंगरखा प्रथम दिसे आणि तो दिसत असेपर्यंत दुसरे काही दिसत नसे. वेषाने पात्राच्या अंतरंगाची सूचना द्यावी, हा संकेत येथे उलटा फिरला. वेषाने अंतरंगाचा ताबाच घेतला. पात्राची कुरूपता ही त्याच्या मनाची अवस्था होती की निर्मात्याच्या रुचीची, हे ठरवण्याचे साधनच प्रेक्षकापाशी उरले नाही.

१९८६ च्या दीर्घ कथेने हा गोंधळ आणखी वाढवला, पण त्याचबरोबर चाहत्यांच्या हाती एक किल्लीही दिली. ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’ या कथेत डॉक्टरवर खटला चालतो आणि पुरावा म्हणून त्याच्याच साहसांची चित्रमुद्रणे न्यायालयात दाखवली जातात. एका मुद्रणात तो पेरीला साखळीने बांधून तिचा छळ करताना दिसतो. हे त्याचे खरे वर्तन होते, मेंदूवर झालेल्या आघाताचा परिणाम होता, शत्रूला फसवण्यासाठी केलेले सोंग होते, की पुराव्यातच फेरफार झाला होता? कथा याचे निश्चित उत्तर देत नाही. चित्रीकरणाच्या वेळी आपणही हे विचारले होते आणि उत्तर मिळाले नाही, असे बेकरने सांगितले आहे. शेवटी उघड होते ते एवढेच की पुराव्यात काही ठिकाणी फेरफार आहे आणि अभियोक्ता म्हणजे डॉक्टरच्याच भावी दुष्टतेचा अर्क आहे. दृश्य खोटे बोलू शकते, हे मालिकेनेच कबूल केले. जो अन्वयार्थ पुढे उभा राहिला त्याचे बीज या कबुलीत आहे. लेखकांच्या हातून बहुधा घाईगर्दीत राहून गेलेली ही फट होती. इझरने सांगितलेल्या रिक्त जागेचे इतके अनपेक्षित उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आता श्रोत्यांकडे वळावयास हवे, कारण या मालिकेच्या चाहत्यांचा आवाजाशी असलेला संबंध जुना आहे. १९६० च्या दशकातील अनेक भागांच्या फिती बीबीसीने पुसून टाकल्या किंवा नष्ट केल्या. नव्वदहून अधिक भागांचे चित्र आज उपलब्ध नाही. त्या सर्व भागांचा ध्वनी मात्र शिल्लक आहे, आणि तो संस्थेमुळे नव्हे, तर घरी दूरचित्रवाणी संचापुढे ध्वनिमुद्रक लावून बसलेल्या किशोरवयीन चाहत्यांमुळे. त्यांच्या पुढच्या पिढीने या मालिकेचा मोठा भाग पाहिला नाही, ऐकलाच. चित्र मनाने पुरवायचे आणि पुरवलेल्या चित्राचा अभिमान बाळगायचा, ही सवय या समूहाला तेथे लागली. १९८४ पासून १९९१ पर्यंत याच समूहातील काही तरुणांनी ‘ऑडिओ व्हिज्युअल्स’ या नावाने हौशी श्राव्यनाट्ये काढली. त्यांतील बहुतेकांत डॉक्टरचा आवाज निकोलस ब्रिग्ज याचा होता. नेमका हाच सहाव्या डॉक्टरच्या दूरचित्रवाणीवरील पडझडीचा काळ. बीबीसीनेही १९८५ च्या खंडात ‘स्लिपबॅक’ ही बेकरची श्रुतिका रेडिओ फोरवरून प्रसारित केली होती. पण तिचे महत्त्व आज ऐतिहासिक नोंदीपुरतेच आहे.

मालिका १९८९ मध्ये बंद पडली. जॉन टलक आणि हेन्री जेन्किन्स यांनी १९९५ मध्ये विज्ञानकथेच्या प्रेक्षकवर्गावर जो ग्रंथ लिहिला, त्यात या चाहत्यांचे वर्णन सत्ताहीन अभिजन असे आले आहे : पात्राविषयी सर्वाधिक जाणणारे आणि त्याचे काहीही ठरवू न शकणारे. हे वर्णन त्या वर्षी अचूक होते. चारच वर्षांत ते कालबाह्य झाले. ‘बिग फिनिश’ या छोट्या संस्थेने बीबीसीकडून परवाना मिळवला आणि जुलै १९९९ मध्ये ‘द सायरन्स ऑफ टाइम’ हे पहिले श्राव्यनाट्य ध्वनिमुद्रित स्वरूपात विक्रीस आणले. त्याचा लेखक आणि दिग्दर्शक तोच निकोलस ब्रिग्ज. निर्माता गॅरी रसेल, तोही हौशी मंडळींतलाच. स्टॅन्ली फिशच्या अन्वयार्थी समूहाने स्वतःचे ध्वनिमुद्रणगृह काढावे, तसे हे झाले. फिशच्या सिद्धांतात समूह संहितेला अर्थ देतो. येथे त्याने नवी संहिताच दिली आणि मूळ नट मानधन घेऊन तिच्यात बोलू लागला. भाष्यकाराने सूत्रकाराकडून नवी सूत्रे वदवून घ्यावीत, असा हा प्रकार.

नोव्हेंबर १९९९ मध्ये आलेले जस्टिन रिचर्ड्‌सचे ‘व्हिस्पर्स ऑफ टेरर’ हे सहाव्या डॉक्टरचे या मालेतील पहिले स्वतंत्र नाट्य. ते ध्वनिमुद्रणांच्या एका संग्रहालयात घडते आणि त्यातील भयकारी जीव केवळ ध्वनिरूप आहे. माध्यमाविषयीचे हे भाष्य थोडे हुशारीचे वाटते. पण त्याचा एक परिणाम निर्विवाद आहे. ज्या जगात दिसणे गौण आहे अशा जगात या डॉक्टरला प्रथमच नेऊन सोडले गेले. अंगरखा गेला. उरला तो बेकरचा भरदार, वळणदार, रंगभूमीवर मुरलेला आवाज. जे शब्दबंबाळपण पडद्यावर उर्मटपणा वाटत होते ते कानाला भाषेवरचे प्रेम वाटू लागले. दीर्घ वाक्याच्या शेवटी येणारा किंचित थांबा, मोठ्याने बोलून झाल्यावर खाली येणारा स्वर, यांत श्रोत्यांना एकाकीपण ऐकू आले. ते बेकरने १९८४ मध्येही केले असेल. पण त्याकडे लक्ष जायला डोळे मिटावे लागले.

या अन्वयार्थाला कथारूप दिले जॅकलिन रेनर हिने. मार्च २००० मधील तिच्या ‘द मेरियन कॉन्स्पिरसी’त डॉक्टरला एक नवी सहप्रवासी भेटते : डॉ. एव्हलिन स्माइद, पंचावन्न वर्षांची, विद्यापीठात इतिहास शिकवणारी. तरुण, घाबरणारी, किंचाळणारी मुलगी हा मालिकेचा रूढ साचा येथे मोडला. एव्हलिन डॉक्टरला टोकते, त्याच्या इतिहासातील चुका काढते, त्याच्या आरडाओरड्याला विद्यार्थ्यांच्या आरडाओरड्यापेक्षा अधिक किंमत देत नाही. मॅगी स्टेबल्स या अभिनेत्रीच्या मऊ, समंजस आवाजापुढे बेकरचा आवाज आपोआप खाली येतो. हे सारे मेरी ट्यूडरच्या इंग्लंडात घडते, तेव्हा श्रोत्यापुढे सहिष्णुतेचा प्रश्नही उभा राहतो; परंतु चाहत्यांनी उराशी धरले ते दोन प्रौढ माणसांमधील संभाषण. डॉक्टरचा दोष दुष्टपणा नव्हता, त्याला बरोबरीचे माणूसच मिळाले नव्हते, असा हा अन्वयार्थ थोडक्यात सांगता येईल. २००३ मधील ‘डॉक्टर हू अँड द पायरेट्स’ हे रेनरचेच नाट्य या टप्प्याचे शिखर. एका खचलेल्या विद्यार्थिनीला एव्हलिन चाचेगिरीची गमतीदार गोष्ट सांगत बसते. डॉक्टर मध्येच गिल्बर्ट-सलिव्हनच्या ढंगाची गाणी म्हणतो. आणि त्या गमतीखाली एका पोरसवदा खलाशाचा मृत्यू दडवलेला आहे, हे श्रोत्याला हळूहळू कळते. कथन करणारी व्यक्ती काय लपवते, हे ओळखण्याची जबाबदारी येथे सर्वस्वी कानावर आहे.

यापुढे अडचण सुरू होते. मराठी वाचकाला ती समजण्यास फार दूर जावे लागणार नाही. कर्ण हे पात्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीने असेच उराशी धरले. शिरवाडकरांचे ‘कौंतेय’ १९५३ मधले, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ मधली, रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ मधली. अन्याय झालेला, नाकारला गेलेला, अंतर्यामी उदार असा हा कर्ण वाचकांनी इतका आपलासा केला की मूळ महाभारतातील कर्ण अनेकांना परका वाटू लागला. ज्या १९६७ मध्ये ‘मृत्युंजय’ आली त्याच वर्षी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले, आणि त्यातला कर्ण वेगळा आहे. त्याच्याकडे कणव आहे, परंतु सवलत नाही. मुख्य प्रश्न सभापर्वातला आहे. द्रौपदीची वस्त्रे काढून घ्या, असे भर सभेत म्हणणारा कर्णच आहे. प्रेमाने केलेल्या प्रत्येक अन्वयार्थाला या वाक्याचे काही तरी करावे लागते : ते गाळावे, त्याला कारण शोधावे, त्यामागे पश्चात्ताप जोडावा, किंवा त्याच्यासमोर गप्प उभे राहावे. पहिले तीन मार्ग सोपे आहेत. त्यांत द्रौपदी कर्णाच्या चरित्रातील एक प्रसंग बनून राहते.

सहाव्या डॉक्टरच्या चाहत्यांनीही प्रथम सोपे मार्गच घेतले. गळा दाबणे हा शरीरांतराच्या धक्क्याचा परिणाम होता. साखळीचे दृश्य खोट्या पुराव्याचे होते. आणि मूळ दोष पटकथेचा, अंगरख्याचा, वाहिनीच्या अधिकाऱ्यांचा होता. यातील प्रत्येक विधानाला आधार आहे. तरीही सगळी विधाने एकत्र ठेवली की ती बचावाच्या वकिलाच्या टिपणासारखी दिसू लागतात. एव्हलिन हे पात्र कितीही श्रेष्ठ असले तरी त्याने साधले ते हेच की पेरीला काही विचारावे लागले नाही. जिच्याशी चुकीचे वागलो तिच्याकडे न जाता दुसऱ्या कुणाशी नीट वागून दाखवावे, आणि तेच प्रायश्चित्त समजावे, हा मनुष्यस्वभाव आहे. श्राव्य माध्यमाने त्याला मदतच केली. आवाजातून आहार्य गळून पडते तसे आंगिकही गळून पडते. गळ्यावरचे हात ऐकू येत नाहीत. ज्या माध्यमाने डॉक्टरला न्याय दिला त्याच माध्यमात त्याच्या अपराधाला विस्मृती सर्वांत सहज होती, हे त्या यशाच्या कौतुकात बहुधा सुटून गेले.

हा अन्वयार्थ खऱ्या अर्थाने प्रौढ झाला तो पेरीचा आवाज परत आल्यावर. ती मालेत आरंभापासून होती, पण साहसातील जोडीदार म्हणून. फिर्यादी म्हणून नव्हे. दूरचित्रवाणीने तिचे काय केले होते हे येथे आठवावयास हवे. १९८६ च्या खटल्यात ती मरण पावल्याचे आधी दाखवले आणि शेवटच्या भागात, दोन-चार वाक्यांत, ती जिवंत असून एका योद्ध्या राजाची राणी झाल्याचे सांगून टाकले. तिला कुणी विचारले नव्हते. २०१४ मधील ‘द विडोज असॅसिन’ या नेव्ह फाउंटनच्या नाट्यात डॉक्टर अखेर तिच्याकडे जातो. ती आता विधवा राणी आहे, तिला सोडून गेल्याचा राग तिने विसरलेला नाही, आणि क्षमा मागायला आलेल्या डॉक्टरला ती सहजासहजी मिळतही नाही. बेकरच्या आवाजातली ऐट येथे पहिल्यांदाच निरुपयोगी ठरते. पुढच्याच वर्षी ‘द लास्ट अ‍ॅडव्हेंचर’ या नाट्यमालेने टोप घातलेल्या त्या मृत्यूच्या जागी सहाव्या डॉक्टरला साजेसा अंत दिला, आणि चाहते कृतार्थ झाले. त्या अंताची चर्चा फार झाली. क्षमायाचनेची त्या मानाने कमी झाली, आणि हे प्रमाण बोलके आहे.

याच लेखकाचे त्याआधीचे, २०११ मधले ‘पेरी अँड द पिस्कॉन पॅरडॉक्स’ हे नाट्य मात्र अन्वयार्थाच्या इतिहासात अधिक महत्त्वाचे आहे. ते दोन भागांत आहे आणि कथनाची सूत्रे पेरीच्या हाती आहेत. पहिल्या भागात तरुण पेरी पाचव्या डॉक्टरबरोबरचे एक काहीसे बाष्कळ साहस सांगते. दुसऱ्या भागात तेच साहस पुन्हा घडते. पण सांगणारी पेरी वयस्क आहे, अमेरिकेत दूरचित्रवाणीवर लोकांना वैवाहिक सल्ले देणारी आहे, तिला डॉक्टरबरोबरच्या प्रवासांतले फारसे काही आठवत नाही, आणि तिच्या दारी आलेला डॉक्टर सहावा आहे. पहिल्या भागातील प्रत्येक विनोद दुसऱ्या भागात वेगळा ऐकू येतो. मालिकेने पेरीचे परस्परविरोधी शेवट सांगितले होते; येथे त्यांपैकी एकच खरा ठरवण्याऐवजी सर्व खरे मानले जातात. काळातील हस्तक्षेपांमुळे एकाहून अधिक पेरी अस्तित्वात आहेत : एक मेलेली, एक राणी झालेली, आणि एक ही, घरी परतलेली, शाळेतल्या मित्राशी लग्न करून त्याच्याकडून मार खाल्लेली.

श्रोता या ठिकाणी थबकतो. डॉक्टरने गळा दाबला होता हे येथे कुणी उच्चारत नाही. परंतु मारणाऱ्या पुरुषाची गोष्ट तिच्या तोंडून येते तेव्हा १९८४ चे ते दृश्य, जे श्राव्यनाट्याने बारा वर्षे दूर ठेवले होते, श्रोत्याच्या मनात आपोआप उभे राहते. चित्र मनाने पुरवण्याची जी सवय या समूहाला जुन्या ध्वनिफितींनी लावली होती, तीच येथे त्याच्यावर उलटते. डॉक्टर तिला पुन्हा बरोबर येण्याविषयी विचारतो. ती जात नाही. निकोला ब्रायंटच्या आवाजात त्या नकाराला राग नाही, थकवाही फारसा नाही, आणि बेकर त्यापुढे कधी नव्हे इतके थोडे बोलतो.